दाढ काढल्यानंतर मधुमेही आणि माळकरी आईला काय खाऊ घालावे?

कृष्णाकाठ

माझी आई ६२ वर्षांची आहे आणि तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. परवा तिच्या खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढा काढल्या. त्यांतली एक हाडात आडवी रुतलेली असल्यामुळे हिरडी चिरून, थोडे हाड कोरून ती तुकड्यांत काढावी लागली आणि वर टाके घालावे लागले. गाल सुजला आहे, तोंड जेमतेम दोन बोटे मावतील एवढेच उघडते आणि चावणे तर सोडाच, मोठा चमचाही आत जात नाही. डॉक्टरांनी औषधे नीट समजावून सांगितली, परंतु आहाराच्या बाबतीत 'मऊ आणि थंड खा, गरम आणि तिखट टाळा' यापलीकडे बोलणे झाले नाही.

आई माळकरी असल्यामुळे अंडे, मासे, मटणाचे सूप हे सगळे पर्याय बाद आहेत. मदतीला साताऱ्याहून मावशी आली आहे. ती फार मायेने करते, पण तिच्या मते डाळ आणि वांगे खाल्ल्याने टाके पिकतात, दह्याने जखमेत थंडी धरते आणि पू होतो. त्यामुळे सध्या आईच्या पोटात जाते ते म्हणजे मऊ भात, तांदळाची पेज आणि गूळ घातलेली नाचणीची खीर. साखरेऐवजी गूळ असल्याने मधुमेहाला चालतो, असे मावशीचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात एरवी जेवणानंतर १८० च्या आसपास राहणारी साखर काल २७० दाखवत होती आणि आईला अशक्तपणाही फार जाणवतो आहे.

माझे प्रश्न असे आहेत. डाळ आणि दही खरोखरच वर्ज्य आहे काय? साखर न वाढवता पोट भरेल आणि जखमही लवकर भरेल, असे न चावता खाता येण्याजोगे शाकाहारी पदार्थ कोणते? आणि नेहमीचे भाकरी-भाजीचे जेवण साधारण कधी सुरू करता येईल?

मुखशल्य

मी याच विषयातला शल्यचिकित्सक आहे. आईंना न तपासता लिहीत असल्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे.

डाळ, भात, वांगे किंवा दही यांमुळे टाके पिकतात याला कोणताही आधार नाही. पू होतो तो जंतुसंसर्गामुळे, आणि मधुमेही रुग्णात तो होण्याची शक्यता रक्तातली साखर चढी राहिल्याने वाढते. त्यामुळे डाळ बंद करून गुळाची खीर देणे म्हणजे जखम भरायला ज्याची गरज आहे ते काढून घेणे आणि जे अडथळा आणते ते वाढवणे होय. मावशींना हे तुम्ही सांगण्यापेक्षा टाके तपासायला जाल तेव्हा त्यांना सोबत न्यावे आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावे. घरच्या माणसापेक्षा बाहेरच्याचे लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

दाढ काढल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच उघड्या हाडाचे आणि तिथल्या नसांच्या टोकांचे झाकण असते आणि तिच्यातूनच पुढे नवे मांस तयार होते. ही गुठळी अवेळी निसटली किंवा विरघळली तर हाड उघडे पडते आणि कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. तो त्रास बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास सुरू होतो आणि खालच्या अक्कलदाढेत तो अधिक आढळतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात खाण्यापिण्याचा प्रत्येक नियम 'गुठळी हलता कामा नये' या एका गोष्टीसाठी असतो. नळीने काहीही ओढून पिऊ नये, कारण ओढताना तोंडात निर्वात दाब तयार होतो. शहाळ्याचे पाणी द्यायचे असल्यास पेल्यात काढून द्यावे, आणि आई मधुमेही असल्यामुळे तेही बेतानेच. जोरजोराने चुळा भरू नयेत आणि पिचकारी मारल्यासारखे थुंकूही नये. शस्त्रक्रियेला २४ तास उलटून गेल्यावर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, ते पाणी तोंडात धरावे, मान इकडेतिकडे कलती करावी आणि पाणी आपोआप खाली पडू द्यावे. खाल्ल्यानंतर दर वेळी असे करावे.

'थंड खा' हा सल्ला मुख्यतः पहिल्या दिवसापुरता असतो. त्यानंतर कोमट अन्न चालते. वाफाळते मात्र चार-पाच दिवस टाळावे.

लोकांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट सांगतो. तपासणीला आलेल्या रुग्णांच्या खड्ड्यातून मी सर्वांत जास्त वेळा काय बाहेर काढले असेल, तर ती फोडणीतली मोहरी. वरण मऊ असते, भातही मऊ असतो, परंतु त्यातली अख्खी मोहरी, जिरे, तीळ, खसखस, राजगिऱ्याचा दाणा नेमका तिथे जाऊन बसतो. मग रुग्ण जिभेने किंवा काडीने तो कोरायला जातो आणि गुठळी सैल होते. त्यामुळे अन्न मऊ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्यात सुटे दाणे नाहीत ना, हेही पाहावे. दाण्यांचे जाडसर कूट, पापडाचा चुरा, लाह्या आणि चिवडा हे सर्व जखम वरून बंद होईपर्यंत बाजूलाच ठेवावे.

भाकरीचे म्हणाल तर सूज साधारण ४८ ते ७२ तासांपर्यंत वाढते आणि मग उतरू लागते. तोंड हळूहळू उघडू लागले की उजव्या बाजूने मऊ पोळी किंवा दुधात कुस्करलेली भाकरी चौथ्या-पाचव्या दिवसापासून देता येईल. नेहमीचे जेवण टाके निघाल्यानंतर, म्हणजे साधारण आठ-दहा दिवसांनी सुरू होईल. खड्डा हिरडीने पूर्ण झाकला जायला मात्र तीन-चार आठवडे लागतात आणि आतले हाड भरायला काही महिने, त्यामुळे कडक पदार्थ खाण्याची घाई करू नये.

शिधा

मी आहारतज्ज्ञ आहे. मुखशल्य यांनी जखमेची बाजू मांडली आहे, त्यामुळे मी ताटाविषयी लिहिते.

दात काढल्यानंतर आपल्याकडे जे 'मऊ' म्हणून दिले जाते त्याची यादी केली तर पेज, मऊ भात, साबुदाण्याची किंवा शेवयांची खीर, शिरा, दूध-बिस्किट, आइस्क्रीम आणि केळे एवढेच हाती लागते. हे जवळजवळ सगळे पिष्ट आणि साखर आहे. शिवाय धान्य जितके जास्त शिजवले, घोटले आणि पातळ केले जाते तितके त्याचे पचन झटपट होते. म्हणून तेवढ्याच तांदळाची पेज बऱ्याचदा मोकळ्या भातापेक्षा साखर वेगाने वाढवते. गुळाने यात काही फरक पडत नाही. गूळ हा बहुतांशी साखरच आहे आणि मधुमेहासाठी दोन्ही एकाच माळेचे मणी.

आता प्रथिनांचा हिशेब करू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. आईंचे वजन ५८ किलो आहे असे धरले तर ती ४८ ग्रॅम होतात. जखम भरत असताना आणि वय साठीच्या पुढे असताना किलोमागे निदान १.२ ग्रॅम धरावेत, म्हणजे गरज ७० ग्रॅमच्या घरात जाते. तुम्ही लिहिलेल्या आहारात दिवसभराची २० ग्रॅम तरी भरत असतील की नाही, याची मला शंका आहे. अशक्तपणाचे एक कारण तिथेच दिसते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हा आकडा लागू होत नाही, त्यामुळे आईंचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) अलीकडे तपासले नसेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

अंड्याशिवाय ही मजल गाठणे अवघड नाही, पण ठरवून करावे लागते. सोललेल्या मूगडाळीचे कढण हा पाया समजावा. एका वेळेला ४० ग्रॅम, म्हणजे मूठभरापेक्षा थोडी जास्त डाळ घेतली तर साधारण साडेनऊ ग्रॅम प्रथिने मिळतात. दिवसातून दोनदा दिले की १९ ग्रॅम, म्हणजे गरजेच्या पाव भागाहून थोडी अधिक भरतात. येथे एक गोष्ट सांभाळावी: आजाऱ्यासाठी म्हणून आपण वरण इतके पातळ करतो की वाटीत डाळीपेक्षा पाणीच अधिक असते. कढण चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत दाट हवे. त्याखेरीज दिवसभरात ४०० मिलिलिटर दुधातून १३ ग्रॅम, ७५ ग्रॅम ताज्या पनीरमधून १३ ग्रॅम आणि वाटीभर आंबट नसलेल्या दह्यातून सहा-सात ग्रॅम मिळतात. पनीर हाताने मळून, थोडे दूध घालून मिक्सरमधून काढले की लोण्यासारखे होते आणि कढणातही मिसळता येते. साय काढलेल्या दुधाची पावडर, जिच्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम प्रथिने असतात, दोन-तीन मोठे चमचे दुधात किंवा कढणात घातली तर चव फारशी बदलत नाही आणि आठ ग्रॅमच्या आसपास भर पडते. बाजारातल्या महागड्या डब्यांची यासाठी गरज नाही.

पेज आणि भात पूर्ण बंद करू नयेत, प्रमाण उलटे करावे. म्हणजे भाताबरोबर थोडे कढण असे न देता कढणात दोन-तीन चमचे मऊ भात कालवून द्यावा. नाचणी चांगली आहे, परंतु गुळाच्या खिरीऐवजी ताक घातलेली, मिठाची आंबील द्यावी. ताक फार आंबट मात्र नसावे, नाहीतर जखमेला झोंबते. भाज्यांमध्ये दुधी, लाल भोपळा, गाजर आणि पालक वाफवून, वाटून आणि गाळून सूप करता येते. क जीवनसत्त्वासाठी पपई सोयीची आहे, कारण ती मऊ आहे, आंबट नाही आणि बिया काढून टाकल्या की खड्ड्यात अडकणारे काही उरत नाही. पेरू गुणाने श्रेष्ठ, पण त्याच्या बिया या काळात वैरी आहेत.

एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. आई ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील आणि खाणे निम्म्यावर आले असेल, तर साखर वाढण्याइतकाच ती एकाएकी उतरण्याचाही धोका असतो. मात्रा आपल्या मनाने कमी-जास्त करू नये, मधुमेहाच्या डॉक्टरांना आजच फोन करावा. घाम, थरथर, धडधड किंवा बोलण्यात असंबद्धता जाणवली तर लगेच साखर मोजावी. ती ७० च्या खाली असल्यास तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. तेवढ्या प्रसंगी साखर हेच औषध आहे.

वेंगुर्ल्याची सून

वरच्या दोघांनी शास्त्र सांगितले आहे, मी फक्त स्वयंपाकघरातले सांगते. सासूबाईंच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे सर्वांत मोठी अडचण पोषणाची नव्हती, तर चवीची होती. अळणी, पांढरे आणि गिळगिळीत पदार्थ पाहून माणूस तोंड फिरवतो आणि मग जे थोडेफार जायचे तेही जात नाही.

फोडणी सोडू नका, गाळून घ्या. लहान कढल्यात तूप तापवून त्यात जिरे, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेले आले घालावे, जिरे तांबूस झाले की गॅस बंद करून दोन मिनिटे झाकण ठेवावे आणि मग ते तूप बारीक गाळणीतून कढणावर ओतावे. वास आणि स्वाद सगळा उतरतो, दाणा एकही येत नाही. मोहरीची सवय असलेल्या माणसालाही फरक फारसा जाणवत नाही.

आणि कुळथाचे पिठले अवश्य करा. कुळथात शंभर ग्रॅममागे वीस-एकवीस ग्रॅम प्रथिने असतात, असे शिधाताईच सांगतील. आमच्याकडे भाजलेल्या कुळथाची पिठी घरात असतेच. तुमच्याकडे नसेल तर कोकणी माल ठेवणाऱ्या दुकानात मिळेल. ती घरी आणल्यावर मैद्याच्या चाळणीने पुन्हा चाळून घ्यावी, कारण तिच्यात भरड कण राहतात. गार पाण्यात पिठी कालवून गुठळ्या मोडाव्यात आणि मगच उकळत्या पाण्यात घालून सतत ढवळावे. मिरची टाळावी, एखादेच आमसूल घालून पाच मिनिटांनी काढून घ्यावे, म्हणजे नुसता आंबटपणाचा भास राहतो. नेहमीच्या पिठल्यापेक्षा पातळ, पण आमटीपेक्षा दाट ठेवावे. कोमट झाल्यावर लहान चमच्याने, उजव्या गालाकडून द्यावे. तोंड कमी उघडत असेल तर तान्ह्या बाळाला भरवण्याचा चपटा चमचा उपयोगी पडतो.

मेतकूट मात्र सरसकट देऊ नका. विकतच्या काही मेतकुटांत तिखट बरेच असते.

निळाई

आमच्या ओळखीत एकांना दाढ काढल्यावर पंधरा दिवस फक्त पातळ पदार्थ आणि आइस्क्रीम सांगितले होते. शिवाय लवंग तेलाचा बोळा आणि हळद जखमेत भरल्याने लवकर बरे वाटते असे ऐकले आहे. ते करावे का?

मुखशल्य

निळाई, हाडाचा मोठा भाग काढला असेल किंवा जबडा तारेने बांधला असेल तर पंधरा दिवस पातळ अन्न सांगावे लागते, पण साध्या अक्कलदाढेसाठी ते आवश्यक नाही. उलट तोंड मुळीच न हलवल्यास जबडा आखडलेलाच राहतो. आइस्क्रीम मधुमेही रुग्णाला देण्याचे कारण नाही. गार दूध किंवा गार दही तेच काम करते.

ताज्या जखमेत हळद, लवंग किंवा तेल यांपैकी काहीही भरू नये. गुठळी निसटून कळ सुरू झाली तर लवंगीतल्या युजेनॉलचा उपयोग केलेली औषधी पट्टी आम्ही स्वच्छ केलेल्या खड्ड्यात ठेवतो हे खरे आहे, पण ते उपचार खुर्चीत बसवून करायचे असतात. हळद दुधातून घ्यायला कोणाचीच हरकत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मधुमेहाच्या डॉक्टरांशी काल बोललो आणि त्यांनी सकाळच्या गोळीची मात्रा तात्पुरती बदलून दिली. मूगडाळीचे कढण गाळलेल्या फोडणीसह आईला आवडले, आणि मावशीनेही 'मूग हलका असतो' असे म्हणून स्वतःच वाट काढली. काल जेवणानंतरची साखर २०५ होती.

दोन प्रश्न मात्र नव्याने उभे राहिले आहेत. परवा एकादशी आहे आणि आई उपवास मोडायला तयार नाही. दुसरे म्हणजे, तिला अनेक वर्षांपासून सकाळी मिश्री लावायची सवय आहे. डॉक्टरांसमोर तिने ते सांगितले नाही. आता पोट साफ होत नाही म्हणून ती मिश्री मागते आहे.

शिधा

एकादशी मोडण्याचा आग्रह मी धरणार नाही, पण निर्जळी किंवा एकभुक्त उपवास या आठवड्यात नको, कारण गोळ्या चालू आहेत आणि वेदनाशामक उपाशीपोटी घेणे योग्य नाही. उपवासाच्या पदार्थांतच निवड करावी. साबुदाण्यात प्रथिने नगण्य असतात, तो साखर झपाट्याने वाढवतो आणि चिकट असल्यामुळे जखमेजवळ साचतो, म्हणून तो पूर्ण टाळावा. वरीचा दाणा बारीक असल्याने तीही नको. दूध, दही, पनीर आणि दुधाची पावडर हे सगळे उपवासाला चालते, त्यामुळे त्या दिवशी प्रथिनांचा भार त्यांच्यावर टाकावा. त्यासोबत राजगिऱ्याचे दाणे न देता त्याचे चाळलेले पीठ ताकात शिजवून द्यावे. भाजलेले, सोललेले शेंगदाणे पाण्याबरोबर अगदी गंधासारखे वाटून, गाळून त्याची जिऱ्याच्या गाळलेल्या फोडणीची आमटी केली तर चवही येते आणि पोटही भरते. रताळे उकडून दुधात कुस्करायचे असल्यास एका लहान रताळ्यावर थांबावे. दर तीन तासांनी थोडे थोडे द्यावे आणि साखर त्या दिवशी एरवीपेक्षा दोनदा जास्त मोजावी.

पोटाचे म्हणाल तर गाळलेल्या, तंतू नसलेल्या अन्नाने आणि कमी पाण्याने बद्धकोष्ठ होतेच. रात्री पेलाभर पाण्यात दोन चमचे इसबगोल ढवळून लगेच पाजावे आणि वर आणखी पाणी द्यावे. इतर औषधांपासून ते दोन तास लांब ठेवावे.

मुखशल्य

मिश्रीबद्दल तुम्ही विचारलेत हे फार बरे झाले. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला होणारा रक्तपुरवठा कमी होतो. शिवाय त्याची पूड थेट टाक्यांत जाते आणि बोटाने घासताना गुठळी ओढली जाते ते वेगळेच. त्यामुळे मिश्रीचा एक कणही नको. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर सांगा. कित्येक वर्षांची सवय एकदम तुटल्याने चिडचिड, डोकेदुखी आणि झोप न येणे असा त्रास होऊ शकतो, आणि त्यावर उपाय करता येतात. टाके काढताना गालाची आणि हिरडीची आतली बाजूही नीट तपासून घ्यायला सांगा. इतकी वर्षे मिश्री लावणाऱ्या व्यक्तीत ती तपासणी चुकवू नये. बाकीचे दात मऊ ब्रशने, जखमेपासून दूर राहून, आताच घासायला हरकत नाही.

दुखणे कमी होत जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढले, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, ताप आला, उतरणारी सूज पुन्हा चढली किंवा ओठ-हनुवटीचा बधिरपणा गेलाच नाही, तर तारखेची वाट न पाहता दाखवावे. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर रात्रीचे कितीही वाजले असले तरी रुग्णालय गाठावे.

कृष्णाकाठ

डॉक्टरांना आत्ताच फोन करून मिश्रीचे सांगितले. ते रागावले नाहीत. टाके काढायला दिलेली तारीख दोन दिवस अलीकडे घेतली आणि तेव्हा गालाची तपासणीही करतो म्हणाले. राजगिऱ्याचे पीठ घरी आहे, मावशी ते चाळायला बसली आहे. वेंगुर्ल्याच्या ताई, कुळथाची पिठी ठाण्यात मिळाली, पण ती बरीच गडद तपकिरी आणि किंचित कडवट लागते आहे. ती जास्त भाजली गेली आहे की तशीच असते?

वेंगुर्ल्याची सून

रंग तपकिरी असतोच, पण कडवट लागता कामा नये. जळकी आहे, परत करा. नवी घेताना दुकानातच चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा.